गॅलियम, गॅडोलिनियम आणि मांडवीची काळी वाळू

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मच्छीमारांशी गप्पा सुरू झाल्या की एलईडीचा विषय निघतोच. रात्री भर समुद्रात प्रखर दिवे लावायचे आणि उजेडाकडे मासळी गोळा झाली की जाळं ओढायचं. या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी त्यावरचा वाद कोकण किनाऱ्यावर धुमसतो आहेच. त्या दिव्यांच्या पोटात मिलिमीटरभर आकाराच्या चिप असतात आणि त्या चिपमध्ये अतिशय पातळ थरांत असतं गॅलियम नायट्राइड. घरातला एलईडी बल्ब, मोबाइलचा टॉर्च, नव्या पद्धतीचा छोटेखानी फास्ट चार्जर, सगळीकडे हाच पदार्थ किंवा त्याची भावंडं.

याच स्फटिकात मँगनीज, लोह किंवा गॅडोलिनियमचे मोजके अणू पेरून त्याला चुंबक करता येईल का, या एका प्रश्नामागे गेली पंचवीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा लागल्या आहेत. ही गोष्ट बर्लिन, वॉर्सा आणि क्योतोची आहे, तशीच पवई आणि पुण्याचीही आहे. आणि तिच्यातले पदार्थ जमिनीत शोधायला निघालं, तर त्यातले बरेचसे रत्नागिरी जिल्ह्यातच सापडतात.

चुंबक हवा कशाला?

कॉम्प्युटरमध्ये आकडेमोड करतात सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर, आणि हार्ड डिस्कवर माहिती जपून ठेवतात चुंबकीय धातूंचे थर. दोघांचे संसार वेगळे. ट्रान्झिस्टरचा खेळ इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावर चालतो. पण इलेक्ट्रॉनला आणखी एक गुण असतो, तो म्हणजे स्पिन. १९२५ मध्ये उलेनबेक आणि गौडस्मिट या दोन तरुण डच शास्त्रज्ञांनी तो मांडला. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा इवलासा चुंबकच असतो आणि मोजायला गेलं की त्याचं तोंड एकतर वर असतं किंवा खाली. या वर-खालीचा उपयोग करणारं तंत्र म्हणजे स्पिंट्रॉनिक्स.

त्याचा पहिला मोठा विजय कधीच घरोघरी पोचला. १९८८ मध्ये फ्रान्सचे आल्बेर फेर्त आणि जर्मनीचे पेटर ग्रुनबर्ग यांना स्वतंत्रपणे दिसलं की चुंबकीय धातूंचे अतिपातळ थर एकावर एक रचले, तर बाहेरच्या चुंबकाने त्यांचा विद्युतरोध एकदम बदलतो. १९९७ पासून हार्ड डिस्क वाचणाऱ्या हेडमध्ये हे तत्त्व आलं. २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

हे सगळं धातूंमध्ये. सेमीकंडक्टरमधली कल्पना आली १९९० साली, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या सुप्रियो दत्त आणि बिस्वजित दास यांच्याकडून. एका टोकाच्या चुंबकातून एकाच दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन सोडायचे, वाटेत व्होल्टेज देऊन त्यांचा स्पिन वळवायचा, पलीकडच्या चुंबकाने दिशा जुळली तर आत घ्यायचं, नाहीतर अडवायचं. कागदावर ही रचना फार देखणी दिसते. अडचण अशी की धातूच्या चुंबकातून सेमीकंडक्टरमध्ये शिरताना इलेक्ट्रॉन आपली दिशा बहुतांशी गमावून बसतात, कारण दोघांच्या वाहकतेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून सेमीकंडक्टरच चुंबकीय असलेला बरा. तेही साध्या खोलीच्या तापमानाला, कारण द्रव हेलियमची टाकी पाठीला बांधून कोणी मोबाइल वापरणार नाही.

तळहातावर वितळणारा धातू

गॅलियम २९.७६ अंश सेल्सियसला वितळतं. तळहातावर ठेवलं की मिनिटभरात चकचकीत थेंब. मे महिन्याच्या दुपारी रत्नागिरीत ते कपाटातल्या बाटलीतही पातळच राहील. पाण्यासारखं ते गोठताना फुगतं, त्यामुळे काचेच्या बाटलीत गच्च भरून ठेवलं तर थंडीत बाटली तडकू शकते. मेंडेलेयेव्हने १८७१ मध्येच आपल्या तक्त्यातली रिकामी जागा पाहून ॲल्युमिनियमच्या खाली असा धातू असणार असं भाकीत केलं होतं. चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रां यांना तो सापडला.

गॅलियमची स्वतःची खाण अशी जवळजवळ नसतेच. ते मिळतं बॉक्साइटमधून, ॲल्युमिना तयार करताना उरणाऱ्या द्रावातून. टनभर बॉक्साइटमध्ये साधारण ५० ग्रॅम गॅलियम असतं. आणि बॉक्साइट म्हटलं की दापोली आणि मंडणगडचे सडे आलेच. जांभ्याच्या या पठारांवर लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्टमधलं विरघळण्याजोगं सगळं धुऊन नेलं आणि मागे लोह नि ॲल्युमिनियम ठेवलं. जिथे लोह जास्त राहिलं तिथे घरं बांधायचा तांबडा चिरा, जिथे ॲल्युमिनियम जास्त राहिलं तिथे बॉक्साइट.

जगातल्या कच्च्या गॅलियमपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त एकट्या चीनमधून येतं. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि तोवर रसायनशास्त्राच्या पुस्तकात पडून असलेलं हे नाव एकदम वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं.

थिबा राजाची माणकं

मंडालेचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला. १८८६ मध्ये इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये तो आज आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो त्या वाड्यात राहायला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. येताना आणलेले जडजवाहीर तो गरजेप्रमाणे विकत राहिला. 'न्गा मौक' नावाचं राजघराण्याचं प्रसिद्ध माणिक मात्र मंडाले सोडताना कर्नल स्लेडनच्या हाती गेलं ते परत आलंच नाही, अशी त्याची तक्रार होती. रत्नागिरीतून त्याने ती वारंवार मांडली. ते माणिक आजतागायत सापडलेलं नाही.

माझ्या मते चुंबकीय डोपिंग, म्हणजे स्फटिकात चुंबकी अणू पेरणं, समजून घ्यायला माणकाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, म्हणजे कोरंडम, काचेसारखा रंगहीन असतो. त्यातल्या दर शंभर ॲल्युमिनियम अणूंपैकी एखाद्याच्या जागी क्रोमियम बसला की स्फटिक लालभडक होतो आणि आपण त्याला माणिक म्हणतो. क्रोमियमच्या त्या अणूत तीन इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन म्हणजे मोकळा स्पिन, म्हणजे छोटा चुंबक. त्यामुळे शक्तिशाली चुंबकाकडे माणिक किंचित ओढलं जातं. रत्नपारखीही चुंबकाची ही चाचणी वापरतात.

या मोकळ्या स्पिनांनी मोठी कामं केली आहेत. १९६० मध्ये थिओडोर मेमनने जगातला पहिला लेझर पेटवला तो माणकाच्या कांडीतून. आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६५ च्या सुमारास विश्वाच्या जन्माचं उरलेलं मंद प्रारण टिपलं, तेव्हा त्यांच्या अँटेनातला क्षीण संदेश मोठा करणाऱ्या यंत्रातही माणिकच होतं. क्रोमियमच्या स्पिनांना चुंबकीय क्षेत्रात धरून ते यंत्र काम करायचं. त्या शोधाला १९७८ चं नोबेल मिळालं.

आता तेच कोरंडम क्रोमियमशिवाय घ्या, रंगहीन. त्याची दोन इंच व्यासाची, अर्ध्या मिलिमीटरहून थोडी पातळ चकती कापा, आरशासारखी घासा. याच चकतीवर गॅलियम नायट्राइड वाढवतात! व्यापारात तिला सॅफायर वेफर म्हणतात. थिबाच्या माणकांचं आणि एलईडीच्या पायाचं हाडमांस एकच.

आणि निळ्याशार नीलमाचा रंग येतो तो लोह आणि टायटॅनियम यांच्या जोडीमुळे. ही जोडी लक्षात ठेवा, मांडवीच्या किनाऱ्यावर ती पुन्हा भेटणार आहे.

नखाहूनही हळू

गॅलियम नायट्राइड वाढवायचे दोन मुख्य मार्ग. पहिल्यात तापलेल्या चकतीवरून ट्रायमिथाइल गॅलियमची वाफ आणि अमोनिया सोडतात. तापमान हजार अंशांच्या वर. ट्रायमिथाइल गॅलियम इतकं तापट की हवा लागताच पेट घेतं. लोह घालायचं असेल तर फेरोसीनची वाफ सोबत सोडतात, एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या मुलांना ती नारिंगी पूड ओळखीची असेल. एलईडीचे कारखाने याच पद्धतीने चालतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अर्णब भट्टाचार्य यांच्या गटाने नायट्राइडचे थर याच मार्गाने वाढवले आहेत.

दुसरा मार्ग एमबीई, मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी. पोलादाचं मोठं पिंप, त्यात हवेच्या दाबाच्या दहा लाख कोटींव्या भागाइतकाच दाब, म्हणजे जवळपास निर्वात. एका बाजूला छोट्या मुशीत गॅलियम तापत असतं, शेजारच्या मुशीत मँगनीज. झडप उघडली की अणूंचा झोत चकतीवर पडतो. वेग तासाला मायक्रॉनभर, आणि तुमच्या बोटाचं नख तेवढ्याच वेळात साधारण चार मायक्रॉन वाढतं. वाढ नीट चालली आहे का हे पाहायला चकतीच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाणारा इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात आणि समोरच्या हिरवट चमकणाऱ्या पडद्यावर नजर ठेवतात. पडद्यावर लांब, सरळ रेघा असतील तर थर सपाट आहे. रेघा तुटून ठिपके झाले तर पृष्ठभाग खडबडीत झाला. आणि भलत्याच जागी नवे ठिपके उगवले, तर आत दुसरंच काहीतरी तयार व्हायला लागलं. रात्रपाळीला बसलेला विद्यार्थी ते ठिपके पाहून झडप बंद करतो, कारण तो नमुना वाया गेला.

कोरंडम आणि गॅलियम नायट्राइड यांच्या अणूंमधली अंतरं जुळत नाहीत. फरक चौदा-सोळा टक्क्यांचा. त्यामुळे थरात चौरस सेंटिमीटरमागे दहा कोटी ते हजार कोटी तडेवजा दोष असतात. इतर सेमीकंडक्टर एवढ्या दोषांनी निकामी झाले असते. गॅलियम नायट्राइड तरीही प्रकाश देतं, हा त्याचा मोठेपणा.

दोषांचा हा पसारा आटोक्यात आणला इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी, १९८६ मध्ये नागोयात. आधी कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ अस्तर-थर द्यायचा आणि मग वर गॅलियम नायट्राइड वाढवायचं. पुढे आपला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला असताना तो जास्तच उजळतोय हे त्यांना दिसलं आणि त्यातून धन वाहकांचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांतून वीज वाहणारं, गॅलियम नायट्राइड मिळवायची वाट सापडली. शुजी नाकामुरा यांच्यासह २०१४ चं नोबेल या कामाला मिळालं.

एक आलेख आणि मग झुंबड

२००० साली पोलंडच्या तोमाश दित्ल यांनी जपानच्या हिदेओ ओनो आणि इतर सहकाऱ्यांसह 'सायन्स' मध्ये एक लेख लिहिला. ओनो यांनी १९९६ मध्ये गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज घालून खराखुरा चुंबकीय सेमीकंडक्टर बनवला होता, पण तो शून्याखाली दीडशेहून जास्त अंश गार ठेवला तरच चुंबक राहायचा. दित्ल यांनी हिशेब मांडला की पाच टक्के मँगनीज आणि पुरेसे धन वाहक असतील, तर गॅलियम नायट्राइड आणि झिंक ऑक्साइड खोलीच्या तापमानालाही चुंबक राहतील. हे तापमान दाखवणारा लेखातला एक आलेख पुढे हजारो प्रबंधांत छापला गेला.

मग झुंबड उडाली. २००१ पासून खोलीच्या तापमानाचे दावे येऊ लागले. जपानमधल्या एका गटाने २००२ मध्ये मँगनीजच्या गॅलियम नायट्राइडसाठी ९४० केल्विनचा अंदाज दिला. म्हणजे सहाशे अंश सेल्सियसच्याही वर, शिसं वितळतं त्याच्या कितीतरी पलीकडे.

पुढे अधिक काळजीने वाढवलेल्या, एकेक अणू आपल्या जागी आहे हे तपासलेल्या थरांनी वेगळीच साक्ष दिली. २००६ मध्ये सहा टक्के मँगनीज असलेल्या शुद्ध थरात चुंबकत्व आढळलं, पण ८ केल्विनखाली. नंतर वॉर्सा आणि ऑस्ट्रियातल्या लिंझच्या गटांनी दहा टक्क्यांच्या आसपास मँगनीज नेऊन ही मर्यादा १३ केल्विनपर्यंत वर आणली. ९४० कुठे आणि १३ कुठे! कारण असं की गॅलियम नायट्राइडमध्ये मँगनीज हे धन वाहक मोकळे सोडतच नाही, ते स्वतःजवळ घट्ट धरून ठेवतं. दित्ल यांच्या हिशेबातली मुख्य अटच तिथे पुरी होत नाही.

मग ते जुने आकडे आले कुठून? बऱ्याच ठिकाणी चोर घरातच होता. परकं मूलद्रव्य मर्यादेपलीकडे घातलं की त्याचे अणू विखरून बसत नाहीत, एकमेकांजवळ जमून वेगळा संयुग-कण बनवतात. लिंझच्या आल्बेर्ता बोनान्नी यांच्या गटाने दाखवलं की ८५० अंशांना गॅलियम नायट्राइडमध्ये लोह जेमतेम ०.४ टक्के विरघळतं. त्यापुढे लोहाच्या नायट्राइडचे नॅनो आकाराचे कण तयार होतात, आणि ते कण जोरदार चुंबक असतात. चुंबकमापीला कण कुठे आहेत याच्याशी घेणं-देणं नसतं. नमुना चुंबक आहे एवढंच तो सांगतो. त्याची ही चूक नव्हे. प्रश्न विचारणाऱ्याने तो पुरता विचारलेला नसतो.

साठ लाखांत एक

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खिळवून ठेवतो तो गॅडोलिनियमचा किस्सा. त्याचा एक धागा पवईला येऊन मिळतो.

गॅडोलिनियम हा चंदेरी धातू. त्याच्या अणूत सात इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात, म्हणजे क्रोमियमच्या दुपटीहून जास्त. हा धातू स्वतः लोखंडासारखा चुंबक असतो, पण २० अंश सेल्सियसच्या खालीच. महाबळेश्वरच्या थंडीत तो चुंबकाला चिकटेल, रत्नागिरीत मात्र वर्षातला बहुतेक काळ सुटाच राहील.

२००५ मध्ये बर्लिनच्या पॉल ड्रुडे संस्थेत सुभब्रत धर आणि सहकाऱ्यांनी एमबीईने गॅलियम नायट्राइड वाढवलं आणि त्यात गॅडोलिनियम अगदी नावापुरतं घातलं. सर्वांत विरळ नमुन्यात घन सेंटिमीटरमागे ७ वर पंधरा शून्यं इतके अणू. ऐकायला प्रचंड, पण तेवढ्याच जागेत गॅलियमचे अणू त्याच्या साठ लाख पट असतात. गॅडोलिनियमच्या दोन शेजाऱ्यांमध्ये सरासरी पन्नास नॅनोमीटर अंतर. इतक्या लांबून कोण कोणाचं ऐकणार? तरीही नमुना खोलीच्या तापमानाला चुंबक निघाला. एकूण चुंबकत्वाला गॅडोलिनियमच्या अणूंनी भागलं तर प्रत्येकी ४००० बोर मॅग्नेटॉनपर्यंत (अणूच्या चुंबकत्वाचं हे एकक) आकडा आला. अणूची स्वतःची ताकद सात-आठ! 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' मधल्या त्या निबंधाच्या शीर्षकातच या चुंबकत्वाला महाकाय म्हटलं होतं. गॅडोलिनियम नायट्राइडचे कण तयार झाले असतील अशी शंका घ्यावी, तर ते संयुग ७० केल्विनच्या आसपासच चुंबकत्व सोडतं. म्हणजे तो चोर इथे नव्हता.

धर यांचा तेव्हाचा अर्थ असा होता की एक गॅडोलिनियम आपल्याभोवतीच्या हजारो यजमान अणूंना किंवा दोषांना एका दिशेला वळवतो. पुढे ते पवईला, आयआयटी मुंबईच्या भौतिकशास्त्र विभागात आले आणि नायट्राइडची वाढ आणि त्यातले दोष हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय राहिला. दरम्यान इतर गटांनी एक्स-किरणांची एक खास पद्धत वापरली. तिच्यात प्रत्येक मूलद्रव्याचं चुंबकत्व वेगळं मोजता येतं. त्यांना गॅडोलिनियम अगदी साधा, एकेकटा वागणारा चुंबक दिसला. शिवाय तीच कृती पुन्हा केली तरी दर वेळी चुंबकत्व येईलच अशी खात्री नव्हती. संशय आता स्फटिकातल्या रिकाम्या जागांवर आहे. गॅलियमचा अणू जिथून गळलेला असतो तिथे शेजारच्या नायट्रोजनांचे इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतात, हे त्यामागचं तर्कशास्त्र. प्रश्न मिटलेला नाही. मला तरी हे अपयश वाटत नाही. एका विचित्र मोजणीने सेमीकंडक्टरमधल्या पोकळ्यांकडे जगाचं लक्ष वळवलं, हे काम मोठंच आहे.

चिमटा, लाल माती आणि १६ मायक्रॉन

हाफ्नियम ऑक्साइड हा पदार्थ चुंबकीय आहे, असा दावा २००४ मध्ये 'नेचर' मध्ये आला. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या तिघा शास्त्रज्ञांनी दाखवलं की हाफ्नियम ऑक्साइडची शुद्ध फिल्म अजिबात चुंबक नसते, पण स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने ती उचलली की होते. चिमट्याच्या टोकाचं लोखंड तिला लागतं. तेव्हापासून या क्षेत्रातली मुलं प्लास्टिकचे किंवा टायटॅनियमचे चिमटे वापरतात.

किती लोखंड पुरतं याचा हिशेब कागदावर मांडून पाहता येतो. नमुना पाच मिलिमीटर बाजूचा चौकोन धरू, त्यावर एक मायक्रॉन जाडीचा थर. थराचं वजन दीडशे मायक्रोग्रॅमच्या आसपास, खालच्या कोरंडमचं मात्र ४० मिलिग्रॅमहून जास्त. धर यांच्या सर्वांत विरळ नमुन्याइतकं चुंबकत्व या थरात असेल, तर ते तीस नॅनोग्रॅम लोखंडाच्या चुंबकत्वाएवढं भरतं. तीस नॅनोग्रॅम लोखंड म्हणजे १६ मायक्रॉन बाजूचा एक घन, डोक्याच्या केसाच्या जाडीहून पुष्कळ लहान. नुसत्या डोळ्यांना तो दिसणारही नाही.

आता रत्नागिरीच्या रस्त्यावरून उन्हाळ्यात चालत गेल्यावर चपलेवर, पँटच्या कडेला बसणारी तांबडी धूळ आठवा. तो रंग लोहाच्या ऑक्साइडचा. त्यातली काही ऑक्साइडं चुंबकाला चिकटतात. असा संशोधक थेट नमुन्याला हात लावायला गेला, तर चुंबकत्व नमुन्याचं की सड्याचं हे सांगणं मुश्कील. म्हणून क्लीनरूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत अंगरखा घालतात, चकती आम्लात धुतात आणि न पेरलेली, कोरी चकतीही त्याच यंत्रात त्याच हातांनी मोजून घेतात. शेवटची पायरी सर्वांत कंटाळवाणी, आणि निबंध टिकणार की नाही हे बहुतेक वेळा तिच्यावरच ठरतं.

पुण्याची दोन पानं

पुण्याचे भौतिकशास्त्रज्ञ सतीशचंद्र ओगले यांचं नाव या शाखेत जगभर घेतलं जातं. पुणे विद्यापीठ, मेरीलँड विद्यापीठ, मग राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर पुणे असा त्यांचा प्रवास. २००३ मध्ये मेरीलँडमधून त्यांच्या गटाने पारदर्शक टिन ऑक्साइडमध्ये कोबाल्ट घालून ६५० केल्विनच्या आसपासपर्यंत टिकणारं चुंबकत्व आणि कोबाल्टच्या अणूमागे ७.५ बोर मॅग्नेटॉन असा थक्क करणारा आकडा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, दर्शन कुंडलिया, ओगले आणि सहकाऱ्यांनी मँगनीज आणि झिंक ऑक्साइडच्या गाजत असलेल्या चुंबकत्वाची उलटतपासणी केली. ते चुंबकत्व डोप केलेल्या झिंक ऑक्साइडचं नसून मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये झिंक शिरून बनलेल्या एका अस्थिर टप्प्याचं आहे, असं त्यांनी 'नेचर मटेरियल्स' मध्ये मांडलं. एकाच गटाने एका वर्षी धाडसी आकडा द्यावा आणि दुसऱ्या वर्षी तेवढ्याच कडकपणे इतरांचा आकडा तपासावा, याचं मला फार कौतुक वाटतं.

काळा समुद्र

रत्नागिरीकर मांडवीच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात, आणि पलीकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. मांडवीचा काळेपणा पाण्याचा नाही, वाळूचा आहे. कोकणच्या नद्यांनी साडेसहा कोटी वर्षं जुन्या बेसॉल्टमधून लोह-टायटॅनियमची जड खनिजं आणली आणि लाटांनी ती पाखडली. साधी गारेची वाळू पाण्याच्या २.६५ पट जड, तर इल्मेनाइट ४.७ पट. लाट मागे फिरताना हलके कण घेऊन जाते आणि जड काळे कण जागेवर ठेवते. भरती ओसरल्यावर ओल्या वाळूवर त्यांचे पट्टे उमटतात. काळबादेवी, मिऱ्या, मालगुंड, पूर्णगड, गावखडी अशा अनेक ठिकाणी हे इल्मेनाइट आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने इथल्या उपसागरांच्या तळाशीही त्याचा शोध घेतला आहे.

जुन्या स्पीकरमधला चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून या वाळूवरून फिरवा. लगेच उभ्या राहतात त्या दाढीसारख्या झुपक्यांतलं काळं म्हणजे मॅग्नेटाइट. उरलेल्या वाळूवरून नव्या पद्धतीचा ताकदवान निओडिमियम चुंबक फिरवला की आणखी काही कण आळसावल्यासारखे वर येतात. त्यात इल्मेनाइट असतं, लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, नीलमाला निळं करणारी तीच जोडी.

इल्मेनाइट एकटं असताना शून्याखाली दोनशेहून अधिक अंश गार केल्याशिवाय त्याच्या स्पिनांची रांग लागत नाही, आणि लागली तरी ते एकमेकांना काटून टाकतात. पण ते हेमाटाइटमध्ये, म्हणजे जांभ्याला तांबडा करणाऱ्या लोह ऑक्साइडमध्ये, योग्य प्रमाणात मिसळलं तर मिश्रण खोलीच्या तापमानाला चुंबकही होतं आणि सेमीकंडक्टरही! जपानच्या योशिकाझू इशिकावा यांनी हे १९५० च्या दशकातच नोंदवलं होतं. स्पिंट्रॉनिक्सची लाट आल्यावर लोकांना त्यांचे जुने निबंध आठवले. २००६ मध्ये क्योतो विद्यापीठातल्या गटाने या मिश्रणाची एकसंध पातळ फिल्म कोरंडमवर वाढवून दाखवली. जपानच्या हारुना ज्वालामुखीच्या खडकात तर याच मिश्रणाने १९५१ मध्ये शास्त्रज्ञांना बुचकळ्यात टाकलं होतं. तापवून गार केला की तो खडक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या बरोबर उलट दिशेला चुंबक होतो.

मांडवीची वाळू उचलून कोणी ट्रान्झिस्टर बनवू शकणार नाही. तिच्यात प्रत्येक कणाची भेसळ वेगळी, आणि सेमीकंडक्टरमध्ये तर लाखात एक अणू इकडचा तिकडे झाला तरी फरक पडतो. पण खनिज तेच आहे, मूलद्रव्यं तीच आहेत. शाळेच्या सहलीला मुलांना किनाऱ्यावर नेताना पिशवीत एक चुंबक टाकायला काय हरकत आहे?

आणि मूळ प्रश्नातल्या गॅलियम नायट्राइडचं काय? त्यात पेरलेल्या लोहाला, चुंबक म्हणून नसलं, तरी पक्कं काम मिळालेलं आहे. स्फटिकात कळत-नकळत राहिलेले मोकळे इलेक्ट्रॉन लोहाचा अणू धरून ठेवतो, त्यामुळे थर जवळजवळ विद्युतरोधक बनतो. रडारमध्ये आणि मोबाइल टॉवरमध्ये बसणाऱ्या गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरांना खालून वीज गळू नये म्हणून असा लोहमिश्रित थर हवा असतो, आणि कारखाने तो नेमाने वाढवतात. लोहाचं प्रमाण विरघळण्याच्या मर्यादेच्या बरंच आत ठेवतात, त्यामुळे चुंबकीय कण तयार व्हायचा प्रश्नच येत नाही.